सरकारी नोकरीतून जेडी-एमबीएकडे: अर्जाआधीची तयारी

अमेरिकेत कायद्याची जेडी तीन वर्षांची आणि एमबीए दोन वर्षांचं. एकत्र घेतलं तर बहुतेक ठिकाणी चार वर्षं लागतात, नॉर्थवेस्टर्न आणि पेन (पेनसिल्व्हेनिया) या विद्यापीठांमध्ये तीन. म्हणून सगळ्यात आधी रजेचा हिशेब मांडा. केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांनुसार अध्ययन रजा संपूर्ण सेवेत साधारणपणे २४ महिने मिळते, शिवाय परत येऊन नोकरी करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्यात बसत नाही. राज्य सेवेत असाल तर १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम स्वतः वाचा, आस्थापना शाखेशी बोला, आणि वेळ आलीच तर राजीनामा द्यायचा का, हे घरच्यांबरोबर बसून ठरवा. ना हरकत प्रमाणपत्राचा अर्जही तेव्हाच टाका, ती फाईल आपल्या गतीनेच फिरते.

परीक्षांची माहिती प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर तपासा. हार्वर्डमध्ये लॉ स्कूल आणि बिझनेस स्कूल या दोन्हींकडे वेगवेगळे अर्ज करून दोन्हीकडे प्रवेश मिळवावा लागतो. एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेतली लॉजिक गेम्स, म्हणजे तर्काची कोडी, ऑगस्ट २०२४ पासून गेली, त्यामुळे जुनी पुस्तकं त्या भागासाठी घेऊ नका. पदवीच्या गुणपत्रिका विद्यापीठाकडून थेट एलसॅककडे, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे, जाव्या लागतात, त्यासाठी दोनेक महिने हाताशी ठेवा.

खरा वेळ द्या तो अनुभव मांडायला. तिकडच्या वाचकाला तहसीलदार म्हणजे काय, हे ठाऊक नसतं. ‘महसूल विभागात काम केलं’ एवढ्यावर त्याला काहीच दिसत नाही. फेरफाराच्या तक्रारीत दोन्ही भावांचं म्हणणं ऐकून, पुरावा पाहून तुम्ही कारणांसह आदेश लिहिलात आणि तो अपिलात तपासला गेला, हे सांगा. हा कायद्याचाच अनुभव आहे. निविदा काढली, कमी दराची बोली आली, ठेकेदाराने काम अर्धवट सोडलं आणि पावसाळ्याआधी ते पुरं करायला पैसा कुठून उभा केलात, हा व्यवस्थापनाचा. दोन्ही पदव्या का हव्यात याचं उत्तर अशाच एखाद्या प्रसंगातून निघतं, ते शोधायला महिना लागला तरी लागू द्या. निर्णय समितीचा होता की तुमचा, हे प्रामाणिकपणे लिहा. पक्षकारांची नावं आणि गोपनीय टिपण्या मात्र निबंधात अजिबात नकोत.

शिफारसपत्रासाठी वरिष्ठांना लवकर गाठा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं कितीही आपुलकीने म्हणाले तरी नम्रपणे नको म्हणा, कारण ते पत्र त्यांनीच लिहिणं अपेक्षित असतं. तुमच्या पाच कामांची तारखांसह टिपणी त्यांच्या हाती द्या. लॉ स्कूलला प्राध्यापकांचं पत्रही आवडतं, तेव्हा जुन्या सरांना एकदा भेटून या. आणि साहेबांची बदली होण्याआधी हे सगळं उरका, नव्या जिल्ह्यात रुजू झाल्यावर त्यांना तुमच्या पत्रासाठी सवड काढणं कठीण जातं.