पेशवाईतले पुणे एका दिवसात पायी कसे पाहावे

पेशव्यांची राजधानी पाहायला आलेला माणूस बहुधा थेट शनिवारवाड्यात जातो, आत हिरवळ आणि ओळीने पसरलेली दगडी जोती पाहतो आणि अर्ध्या तासात बाहेर पडतो. यात त्याची चूक एवढीच, की त्याने शेवटाकडून सुरुवात केलेली असते. अठराव्या शतकातले पुणे मुख्यतः सागवान, वीट आणि माती यांचे होते. दगड जोत्यापुरता, तटापुरता आणि देवळापुरता. फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाड्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि त्यात लाकडी महाल गेले. म्हणून आधी जे उभे आहे ते पाहावे, त्यावर नजर तयार करावी आणि मगच जळालेल्या वाड्याच्या जोत्यांपाशी यावे. पुढचा क्रम त्या हिशेबाने लावला आहे.

निघण्यापूर्वी थोडी तयारी हवी. देवळांच्या अंधाऱ्या भागांसाठी छोटी विजेरी घ्यावी आणि मोबाइलमध्ये दोन चित्रे उतरवून ठेवावीत. पहिले टॉमस डॅनियलचे १८०५ मधील मोठे दरबारचित्र, जे आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. दुसरे गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये रंगवलेला पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, जो अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. शिवाय वाड्याच्या बांधणीचे चार शब्द ओळखीचे करून घ्यावेत. इमारत ज्यावर उभी राहते तो दगडी चौथरा म्हणजे जोते, लाकडी खांबाखालचा घडीव दगड म्हणजे तळखडा, दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण आणि खांबांवरून आडवी जाणारी ती तुळई. जुन्या कागदांत घराचा आकार खणांत सांगितलेला असतो, त्यामुळे हा शब्द आला की अर्धे काम होते.

सकाळी लवकर सोमवार पेठेत, नागझरीच्या बाजूला असलेल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळापासून सुरुवात करावी. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये हे काम सुरू केले आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पुण्यातली बहुतेक पेशवेकालीन देवळे बाहेरून साधी आहेत. हे मात्र काळ्या दगडात दर्शनी भिंतभर कोरलेले आहे, आणि माझ्या मते शहरातले त्या काळचे सर्वांत बोलके शिल्प येथेच आहे. आधी पाच-सहा पावले मागे उभे राहून द्वारपाल, मोर, पोपट आणि हत्ती यांची मांडणी एकत्र पाहावी, मग जवळ जाऊन बंदुका घेतलेले, युरोपीय पोशाखातले शिपाई शोधावेत. त्यांनी एका गेंड्याला साखळदंडांनी बांधले आहे. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी पूर्वेकडचा प्रदेश कसा जखडला, त्याचे हे चित्र आहे असा अर्थ सामान्यतः लावला जातो. हा अर्थ मान्य करा किंवा करू नका, पण बंगालमधल्या घडामोडींची खबर पुण्यातल्या पाथरवटाच्या छिन्नीपर्यंत पोहोचली असेल, ही शक्यताच त्या काळच्या राजधानीविषयी बरेच सांगते. आत गाभाऱ्याजवळ शिलालेख आहेत, त्यांपैकी दोन संस्कृत आणि एक फारसी. गोसाव्यांच्या मठात, गणपतीच्या देवळात, फारसी लेख पाहून दचकू नये. दरबारी व्यवहारात फारसीचे वजन तेव्हाही होते. मूर्तीही नेहमीची नव्हे; तीन सोंडांचा हा गणपती उंदरावर नसून मोरावर बसलेला आहे. तळघरात समाधी आहे, पण तिथे बहुधा पाणी असते आणि ते सदैव उघडे नसते.

तिथून नागझरी ओलांडून पश्चिमेला कसबा पेठेत यावे. वाटेत पेठांच्या पाट्या वाचत चालावे, कारण राजधानी कशी सांधली गेली ते त्या पाट्यांवर दिसते. शनिवार पेठ पूर्वी मुर्तुजाबाद होती, रविवार पेठ मलकापूर आणि बुधवार पेठ औरंगजेबाच्या काळातली मुहियाबाद. पेशव्यांनी जुन्या वस्त्यांना वारांची नावे देऊन त्यांच्या भोवती नव्या पेठा वसवल्या. सदाशिव पेठेच्या नावात पानिपतावर पडलेले भाऊसाहेब आहेत, नारायण पेठेत नारायणराव आणि नाना पेठेत नाना फडणवीस. कसब्यात तांबट आळी चुकवू नये. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन त्याला घट्टपणा आणि चकाकी आणण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात, आणि तो आवाज आजही काही घरांतून येतो. गंगाराम याच तांबट समाजातला, हे लक्षात ठेवले की त्याच्या रेघेतला नेमकेपणा वेगळ्या नजरेने पाहता येतो. लाल महालावर मात्र फार वेळ घालवू नये. आज दिसणारी वास्तू विसाव्या शतकात नव्याने बांधलेली आहे.

आता शनिवारवाडा. पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. दोन्ही दिवस शनिवार. सुरुवातीच्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो, पण हा आकडा पहिल्या बाजीरावाच्या मूळ वाड्याचा समजावा, कारण तट, बुरूज आणि मजले पुढे चढत गेले. दिल्ली दरवाज्यातून शिरताना अणकुचीदार खिळ्यांच्या दारांचा फोटो सगळेच काढतात; तुम्ही आतल्या बाजूच्या भिंतींकडे विजेरी धरावी. तिथे पुसट झालेल्या रंगचित्रांत गणपती आणि शेषशायी विष्णू ओळखता येतात. मग वर नगारखान्यात जावे, कारण वाड्यातले जुने लाकूडकाम हाताच्या अंतरावर पाहायची हीच एक जागा आहे. तिथून खाली पाहून जोत्यांचे चौक मनात उभे करावेत आणि उतरल्यावर तळखडे मोजत एखाद्या चौकाभोवती फिरावे. दोन तळखड्यांमधल्या अंतरावरून खण कळतो, खणांवरून खोली कळते आणि मधला उघडा भाग म्हणजे चौक. सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे येथेच आहे.

याच ठिकाणी डॅनियलचे चित्र उघडावे. त्यात १७९० चा तह करण्यासाठी आलेला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात दाखवला आहे. चित्र सुरेख आहे, पण ते वापरताना सावध राहावे: डॅनियल त्या दरबारात नव्हताच. त्याने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची टिपणे आणि रेखाटने वापरली, आणि वेल्सही पुण्यात आला तो १७९२ मध्ये, म्हणजे तहानंतर. त्यामुळे महालाचे खांब, महिरपी, बैठक आणि माणसांचे चेहरे यांसाठी चित्रावर बराच विश्वास ठेवावा, त्या दिवशी कोण कुठे बसले होते यासाठी ठेवू नये. वेल्सने नाना फडणवीस आणि सवाई माधवराव यांना समोर बसवून रंगवले, आणि मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही सुरू झाली; गंगाराम तिथला सर्वांत गाजलेला विद्यार्थी. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरमध्ये वेल्सही गेला, आणि शाळेचे आयुष्य तिथेच संपले.

दुपारी दक्षिणेकडे वळावे. वाड्यासमोरचा नाना वाडा साधारण १७८० चा आहे. आत जाऊ दिले तर वरच्या मजल्यावरची भित्तिचित्रे पाहावीत. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. त्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलाची नक्षी पाहिली की सकाळी मनात उभ्या केलेल्या रिकाम्या जोत्यांवर काय असेल ते कळते. १८७९ च्या आगीत याचाही काही भाग जळाला होता, त्यामुळे जुने लाकूड कोणते आणि दुरुस्तीचे कोणते हे पाहत जावे. पेशवाई बुडाल्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली ती याच वाड्यात. जवळच तुळशीबागेतला राम आणि नानांचा बेलबाग आहे. खरेदीच्या गर्दीत ही देवळे हरवतात, म्हणून ती दुपारच्या निवांत वेळी उरकावीत. ज्यांना त्या काळची दिव्यांची, भांड्यांची आणि वाद्यांची घडण पाहायची आहे त्यांनी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तासभर द्यावा.

चालता चालता पाण्याकडेही लक्ष ठेवावे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात पाणी आणले आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. नळात हवा खेळावी म्हणून बांधलेले मनोरे, ज्यांना उच्छ्वास म्हणतात, अजून काही ठिकाणी दिसतात. बरेचसे रहिवासी त्यांना नुसते जुने बुरूज समजतात, त्यामुळे पत्ता विचारताना हौदाचे नाव घेऊन विचारलेले बरे.

उन्हे उतरल्यावर पर्वती चढावी. देवदेवेश्वराचे देऊळ नानासाहेबांनी १७४९ मध्ये बांधले आणि पानिपतानंतर जून १७६१ मध्ये त्यांचा मृत्यूही याच टेकडीवर झाला. वरून नदी, शनिवारवाडा आणि दिवसभर पायाखाली घातलेल्या पेठा एका नजरेत येतात. पायथ्याच्या रमण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, आणि पेशव्यांचा शिकारखानाही याच परिसरात होता. खाली उतरल्यावर मोबाइलमधला गंगारामचा गेंडा उघडावा. कातडीच्या घड्या, पायांचा जाडपणा आणि डोळ्याची जागा नीट पाहावी, मग सकाळी काढलेला त्रिशुंडाच्या भिंतीवरचा फोटो शेजारी ठेवावा आणि पाथरवटाने जनावर प्रत्यक्ष पाहिले होते की ऐकीव माहितीवर घडवले, हे स्वतःच ठरवावे.