कोरोनानंतर मुलाला ताप आला तर काय पाहायचं

मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर, मे-जूनच्या सुमारास, आमच्याकडे तापाने फणफणलेली मुलं यायला लागली. त्यांना कोरोना होऊन गेल्याचं बऱ्याच घरांत कुणाला ठाऊकच नव्हतं. या आजाराला डॉक्टर एमआयएस-सी म्हणतात. संसर्ग ओसरल्यावर २ ते ६ आठवड्यांनी प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते आणि हृदय, आतडी, रक्तवाहिन्या यांना सूज येते. आजार दुर्मिळ आहे, आता तर आणखी कमी दिसतो. पण वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात, म्हणून सांगतेय.

ताप आला की आधी मागचे सहा आठवडे आठवा. घरात, शेजारी, शाळेत कुणाला कोरोना झाला होता का? डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा. एका कागदावर तापाची वेळ, आकडा आणि कोणतं औषध किती दिलं ते लिहा. अंदाजाने सांगितलेल्या तापापेक्षा हा कागद आम्हाला फार उपयोगी पडतो.

मग मुलाला खिडकीपाशी उजेडात न्या. डोळे लाल आहेत, पण चिपडं नाहीत? डोळे आले की पापण्या चिकटतात. इथे डोळे नुसतेच लालभडक असतात. ओठ फुटलेत का, जीभ लाल होऊन तिच्यावर दाणे उठलेत का, अंगावर पुरळ आहे का, तळहात-तळपाय सुजलेत का, ते बघा. पोटाकडे तर नीटच लक्ष द्या. उलट्या, जुलाब आणि पोटातली कळ इतकी असू शकते की अपेंडिक्सचाच संशय येतो.

तीन दिवस ताप हटत नाही आणि यातलं काही दिसतंय, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र पोर मलूल पडलं, धाप लागली, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर दिवस मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. गार पडलेल्या हाताचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर रक्ताभिसरण कमी पडतंय. अशा वेळी एक मिनिटही घालवू नका.

दवाखान्यात सीआरपी (शरीरात सूज किती आहे ते दाखवणारी रक्ततपासणी), रक्ताच्या इतर तपासण्या आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. आपल्याकडे डेंग्यू, टायफॉइड, स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा ताप) हेही असेच दिसतात, म्हणून त्याही तपासण्या होतात. त्याला नाही म्हणू नका. उपचारात स्टेरॉइड आणि सलाइनसारखं शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली, रोगाशी लढणारी प्रथिनं) देतात. ते तासन्‌तास सावकाश चढवावं लागतं, त्यामुळे बाटली हळू चाललीय म्हणून घाबरू नका.

घरी आल्यावरही जपायचं असतं. ॲस्पिरिन चालू असेल तर मनाने बंद करू नका, सोबत आयबुप्रोफेन देऊ नका, आणि घरात कांजिण्या किंवा फ्लू आला तर लगेच कळवा. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस साधारण ११ महिने पुढे जाते. लसीकरणाच्या कार्डावर ते लिहून घ्या. मूल ठणठणीत दिसलं तरी पुन्हा इको करायची तारीख चुकवू नका. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत धावणं, कबड्डी, पोहणं बंद. तशी चिठ्ठी शाळेत पीटीच्या सरांकडे द्या.