सॉफ्ट कोरल मिटलं म्हणजे भूक लागली असं नाही! खाऊ घालताना या चुका टाळा

माझ्या दीडशे लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला टोडस्टूल लेदर (छत्रीसारखा सॉफ्ट कोरल) एका सोमवारी मिटला. एकही पॉलिप (कोरलचा फुलासारखा छोटा जीव) बाहेर नाही, वर मेणासारखा पातळ थर आणि रंग उतरलेला. मला वाटलं बिचारा उपाशी आहे, म्हणून सकाळ-संध्याकाळ फायटोप्लँक्टनचं (सूक्ष्म शेवाळाच्या खाण्याचं) एकेक झाकण ओतत राहिलो. आठव्या दिवशी त्याने कात टाकली आणि काही झालंच नाही असा फुलला, पण तोवर वाळूवर सायनोची (सायनोबॅक्टेरियाची) लाल साय धरली होती आणि नायट्रेट ५० पीपीएमच्या वर गेलेलं. लेदर असं अधूनमधून करतोच, वरची साल निघेपर्यंत काही दिवस बंद राहतो. तेव्हा खाणं नको, त्याच्यावर पाण्याचा फ्लो थोडा वाढवा म्हणजे साल सुटून जाते. दोन आठवडे झाले तरी उघडत नसेल किंवा बुडाशी मऊ पडून वास येत असेल तर मात्र गडबड आहे.

मुळात आपण ठेवतो त्या बहुतेक सॉफ्ट कोरलच्या अंगात झुझँथेली (सूक्ष्म शेवाळं) असतात, त्या उजेडावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं. म्हणजे पोळीभाजी लाइटमधून येते, आपण देतो ते चटणी-लोणचं. म्हणून पॉलिप मिटले की बाटली उघडायच्या आधी सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) बघा, १.०२५ च्या आसपास हवी, आपल्याकडे मे महिन्यात टॉप-अप (उडून गेलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी टाकणं) दोन दिवस राहून गेला तरी ती वर सरकते. लाइट नवीन लावलाय का, एखादा मासा टोचा मारतोय का, झोआंवर (झोअँथिड, बटणासारखे पॉलिप) त्यांच्यासारखीच दिसणारी, झोआ खाणारी न्यूडीब्रँक (समुद्री गोगलगाय) बसलीये का, हेही बघा.

दुसरी चूक घासाची. जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप), झेनिया, केनिया ट्री या सॉफ्ट कोरलवर लोक मायसिस (बारीक कोळंबीसारखा फ्रोजन खाऊ) उडवतात. यांच्या पॉलिपला पिसासारख्या आठ टेंटॅकल असतात, डंख फार कमजोर, एवढा मोठा घास त्यांना धरताच येत नाही, तो मागे दगडात जाऊन कुजतो आणि मग एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफुलं) टरारून वाढतात. माशांना नीट खायला दिलंत की त्यातलं बारीकसारीक यांना पुरतं.

झोआ आणि मश्रूम कोरलची गोष्ट वेगळी, ते खरंच खातात (हे दोघं तसे सॉफ्ट कोरल नाहीत, पण दुकानात त्याच रॅकवर असतात). मायसिसचा बारीक तुकडा बास्टरने (लांब पिचकारीने) अलगद झोआच्या मधोमध सोडा, कडेचे टेंटॅकल हळूहळू आत वळतात आणि पॉलिप मूठ मिटल्यासारखा बंद होतो. एलिफंट इअर मश्रूम तर कडा आवळून चक्क मोदक होतो, झोपलेला छोटा मासासुद्धा त्यात जाऊ शकतो, सांभाळा. आठवड्यातून एकदा बास. आणि "कोरलला रात्रीच खायला द्या" हा सल्ला इथे लावू नका, झोआ लाइट गेल्यावर बहुधा मिटतात, मिटलेल्या तोंडावर खाणं उडवून काय होणार, संध्याकाळी लाइट मंद व्हायच्या आधी उरका.

मायसिसचा फ्रोजन क्यूब तसाच टाकू नका. आरओ पाण्यात विरघळवा, गाळणीतून गाळा आणि तो रस फेकून द्या. (गाळणी वेगळी आणा. चहाचीच वापरलीत तर घरात जे होईल ते होईल.) खायला देताना पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वीसेक मिनिटं बंद ठेवतो मी, पण मोबाइलवर अलार्म लावूनच, एकदा स्किमर रात्रभर बंद राहिला होता आणि सकाळी मासे वर तोंड काढून बसलेले. फायटोची बाटली फ्रिजमध्ये ठेवा, सडका वास आला की फेकून द्या, महाग होती म्हणून टँकमध्ये संपवू नका.

याच्या बरोब्बर उलटी चूकही बघतो. इतकं स्वच्छ पाणी की नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि मग झेनिया वितळते, झोआ आक्रसतात, वर डायनो (डायनोफ्लॅजेलेटचा चिकट थर) येतात. अरे, मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला जाऊन बघा, त्या गढूळ पाण्यात झोआ मजेत पसरलेले असतात (बघायचेच फक्त, उचलायचे नाहीत). नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यात माझा टँक खूश आहे.

झोआंशी खेळताना ग्लोव्हज आणि चष्मा घालाच. काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारामध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. झोआ लागलेला दगड घरात उकळवणं, गरम पाण्याने घासणं असले उद्योग करू नका, त्या वाफेने घरातली माणसं हॉस्पिटलात पोचल्याच्या घटना आहेत.

राहिला तो लाल-नारिंगी कार्नेशन, म्हणजे डेंड्रोनेफ्थिया. दुकानात सगळ्यात देखणा तोच दिसतो. त्याच्यात झुझँथेली नाहीत, लाल समुद्रातल्या एका जातीवरचा अभ्यास १९९५ मध्ये छापून आला त्यात तो मुख्यतः फायटोप्लँक्टनवर जगतो असं दिसलं, म्हणजे त्याला वाहत्या पाण्यातून दिवसभर बारीक खाणं हवं. दुकानदार "रोज दोन थेंब टाका साहेब, काही होत नाही" म्हणाला तर हसा आणि पुढच्या टँककडे वळा.