कॉपी केलेलं नेमकं जातं कुठे?

चोपड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. केळीच्या विम्याचे दिवस आले की काउंटरवर सातबारा, पासबुक, आधार यांचा ढीग लागतो आणि मदतीची पोरं दिवसभर कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही बडवत असतात. त्यातलाच एक ओरडतो, “दादा, नंबर कथा गया?” (कुठे गेला?) खाते नंबर कॉपी केला, तो चिकटवायच्या आधीच गावाचं नाव कॉपी केलं. गेला नंबर!

कॉपी केलेलं जातं क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या साठवणीत. तिथे जागा एकाचीच. नवं आलं की जुनं पुसलं. पेस्ट मात्र कितीही वेळा करा, माल तिथेच राहतो. यावर तोड विंडोज १० मध्ये २०१८ साली आली: विंडोजचं बटण धरून व्ही दाबा, पहिल्यांदा ‘टर्न ऑन’ करा. पुढे कॉपी कराल ते यादीत साठतं, जास्तीत जास्त २५ नोंदी. नेहमीचा आयएफएससी कोड पिन करा, म्हणजे यादीत टाचून ठेवा. मशीन बंद करून चालू केलं तरी तो राहतो.

कट केलेली फाइल फिकट दिसते, पण पेस्ट करेपर्यंत जागची हलत नाही. वर्डमधला मजकूर मात्र लगेच उडतो.

खरी गोम पुढेच आहे. वर्डमधून कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर एकाच वेळी अनेक रूपांत जातो: फॉन्ट-रंगासकट आणि निव्वळ साधा. घेणारा प्रोग्राम आपल्याला झेपेल ते उचलतो. नोटपॅड साधा मजकूर घेतं. म्हणून युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधली लग्नपत्रिका तिथे टाकली की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. पत्रिका बिघडलेली नसते. आत पहिल्यापासून तीच अक्षरं होती, फॉन्ट त्यांना मराठी रूप देत होता.

एक्सेलचा ताप वेगळा. खाते नंबराच्या सुरुवातीचं शून्य ते खाऊन टाकतं, आणि पंधराव्या अंकापुढचे अंक सरळ शून्य करतं. आधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करा, मग उजवी क्लिक करून ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ने पेस्ट करा. साध्या पेस्टने वर्डमधलं फॉरमॅटही सोबत येतं आणि केलेलं ‘टेक्स्ट’ वाया जाऊ शकतं.

गिऱ्हाईक उठलं की विंडोज-व्ही उघडून ‘क्लिअर ऑल’ करायचंच. पिन केलेलं त्याने जात नाही, तेव्हा कुणाचा आधार नंबर पिन करू नका.