पुरात बुडालेली गाडी: आधी चावी लांब ठेवा

चिपळूण-सांगलीकडे पूर ओसरला की पहिला मोह होतो तो ‘चालू होते का बघू’ हा. अजिबात नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एकदा स्टार्टर मारला तरी कनेक्टिंग रॉड (इंजिनमधला पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो आणि साध्या विम्यात हा खर्च सहसा मिळत नाही.

१. धुण्याआधी फोटो काढा. दारावरची चिखलाची रेघ त्यात स्पष्ट दिसायला हवी, क्लेमला तीच कामाला येते.
२. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
३. डिपस्टिक (इंजिन ऑइल तपासायची पट्टी) ओढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं म्हणजे पाणी आत गेलंय. पण स्वच्छ दिसलं म्हणून स्टार्टर मारू नका.
४. विमा कंपनीला कळवून गाडी टो करून न्या.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर नारिंगी (हाय-व्होल्टेज) केबलला हात लावू नका. गाडी घरापासून लांब, उघड्यावर हलवायचं काम सर्व्हिस सेंटरवाल्यांनाच करू द्या.