एस्पेरांतोतले तंत्रज्ञानाचे शब्द: व्युत्पत्ती शोधताना या चुका टाळा

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत संगणकाला 'कोम्पुतिलो' म्हणतात. कॉम्प्युटरचंच हे थोडं वाकवलेलं रूप, असं समजून बरेच जण तिथेच थांबतात. खरी फोड अशी: कोम्पुत-इल-ओ. 'कोम्पुत' हा गणनाचा धातू, 'इल' साधनाचा प्रत्यय, 'ओ' नामाची खूण. धातू लॅटिन 'कोम्पुतारे'कडे जातो, पण शब्द जुळला तो एस्पेरांतोतच. म्हणून धातू कुठून आला आणि शब्द कसा घडला, हे दोन प्रश्न कायम वेगळे ठेवा. बहुतेक घोळ ते एकत्र केल्यानेच होतात.

'कोम्पुतेरो' हे रूपही पूर्वी चालत होतं. त्यात अडचण अशी की 'एर' हा एस्पेरांतोत कणाचा प्रत्यय आहे: 'साब्लो' म्हणजे वाळू, 'साब्लेरो' म्हणजे वाळूचा कण. 'इल' लावला की संदिग्धता उरत नाही. 'काल्कुलिलो', म्हणजे कॅल्क्युलेटर, याच साच्यातला.

आपल्यासाठी खास सापळा देवनागरीचा आहे, कारण जोडाक्षरात सांधा लपतो. मोबाइल म्हणजे 'पोश्तेलेफोनो'. यातून 'पोश्त' (टपाल) वेगळा काढला, तर मागे 'एलेफोनो' उरतो आणि असा शब्दच नाही. फोड पोश-तेलेफोनो अशी हवी; 'पोशो' म्हणजे खिसा. टपाल आहे ते 'रेतपोश्तो'मध्ये, म्हणजे ईमेलमध्ये ('रेतो' म्हणजे जाळं). नियम साधा आहे: फोड केल्यावर प्रत्येक तुकडा कोशात स्वतंत्रपणे सापडलाच पाहिजे. टिपणं काढताना शब्द आडव्या रेघांनी तोडूनच लिहा.

लॅपटॉपच्या 'तेक्कोम्पुतिलो'त मात्र ही कसोटी पुरत नाही, अर्थही पाहावा लागतो. 'तेक' पाहून तंत्रज्ञान आठवतं, पण 'तेको' म्हणजे कागदपत्रं ठेवायची बॅग. तंत्राचा धातू 'तेक्निक' आहे आणि इथे 'न' नाही. समासात मुख्य पद शेवटी येतं (एस्पेरांतो व्याकरणाच्या सोळा मूळ नियमांपैकी अकरावा), म्हणून हा संगणकाचाच एक प्रकार.

सर्वांत जास्त चुका 'एल्शुति' (डाउनलोड करणे) आणि 'अल्शुति' (अपलोड करणे) या जोडीत होतात. 'शुति'चा इंग्रजी 'शूट'शी संबंध नाही. धान्य, वाळू अशा सुट्या वस्तू ओतणे हा त्याचा अर्थ. द्रवासाठी 'वेर्शि' हा वेगळा शब्द आहे. धातू जर्मन 'श्युटन'वरून आला. दिशाही नीट पाहा. 'एल' म्हणजे आतून बाहेर, पण कशाच्या आतून? आपल्या यंत्राच्या नव्हे, सर्व्हरच्या. आपल्या यंत्रातून बाहेर असा अर्थ घेतला की दोन्ही शब्द उलटे होतात. 'अल' म्हणजे कडे. अपलोडमध्ये आपण सर्व्हरकडे ओततो.

धातू जुना आहे का, हे पाहायला 1894 सालचा 'उनिवेर्साला वोर्तारो' हा शब्दकोश उघडा. 1905 च्या 'फुंदामेंतो'त, म्हणजे भाषेच्या पायाभूत ग्रंथात, तो समाविष्ट आहे. प्रत्येक धातूपुढे फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, रशियन आणि पोलिश अर्थ दिलेले असतात. 'शुत'पुढचा जर्मन रकाना वाचला की 'शूट'चा गैरसमज तिथेच सुटतो. मात्र रकान्यातलं साम्य हा फक्त धागा धरावा: शब्द एकाच वेळी दोन-तीन भाषांशी जुळत असेल, तर एकीचं नाव ठोकून देऊ नका.