खुर्चीला खण चढवताना सगळी गोम कोपऱ्यात

डायनिंगच्या सागवानी खुर्च्या धडधाकट आहेत, फक्त बैठकीचं रेक्झिन तडकलंय. अशा खुर्च्या भंगारात देऊ नका. सहा खुर्च्यांचं काम दोन दुपारींत होतं.

खुर्ची उलटी करून चार स्क्रू काढले की बैठक सुटते. बैठकीच्या पाठीवर आणि सांगाड्यावर एकच नंबर लिहा. सुतारानं दर खुर्चीची भोकं वेगळी पाडलेली असतात आणि शेवटी आपण अदलाबदल करत बसतो. रेक्झिन आणि स्टेपल गनच्या पिना उपटा. ‘जुन्यावरच नवं कापड ताणा’ असं सांगणाऱ्यानं आतल्या फोमचा झालेला भुगा पाहिलेला नसतो. फोम नवा घ्या, 40 डेन्सिटीचा, दोन इंची. बैठकीच्या प्लायवूडच्या (प्लायच्या) मापाचा कापून चिकटवा.

कापड मी खणाचं वापरते. बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डचा खण चोळीसाठी विणला जायचा, म्हणून त्याचा पन्हा जेमतेम 31 इंच. अठरा इंची बैठकीला फोम, प्लाय आणि खाली वळवायचं कापड धरून दर बाजूला साडेचार इंच वाढवा. चौरस झाला 27 इंचांचा, म्हणजे पन्ह्यात बसतो. ओटीत आलेला 80 सेंटिमीटरचा खणही एका खुर्चीला पुरतो, कपाटात तसाही पडून असतो. पण रेशमी ताण्याचा हातमागाचा खण इथे घालू नका, रोजच्या बसण्या-उठण्यानं वर्षभरात विरेल. यंत्रमागाचा सुती किंवा मिश्र घ्या. पांढरा रुमाल ओला करून घासून बघा. रंग लागला तर तो खण पाहुण्यांच्या पांढऱ्या पायजम्यालाही लागणार.

आता ताणण्याचं काम. पहिल्या खुर्चीला मी एका कोपऱ्यापासून पिना मारत गोल फिरले. दिसायला झकास झालं होतं. सासूबाई बसायला आल्या, वाकून बघितलं आणि बुट्ट्यांच्या ओळीवर बोट ठेवत म्हणाल्या, “ही रांग कुठं निघाली गं?” डावीकडून उजवीकडे जाईतो ओळ चांगली इंचभर उतरली होती. फुलाफुलांच्या कापडात हे खपून जातं. खणात नाही, त्याची बारीक वीण चूक ओरडून सांगते.

म्हणून फोमवर आधी मांजरपाट चढवा. फोम दाबून आकार देण्याचं काम मांजरपाटानं करायचं, जोरात ताणायचं ते त्यालाच. वरच्या खणाला फक्त सपाट बसायचंय. खण जोरात ओढला की पिनांपाशी वीण फाकते आणि तिथूनच उसवतो. प्लायच्या चारही कडांवर मध्यखूण करा, खणाची चौघडी घालून त्याच्याही मध्यावर खुणा करा. खुणेला खूण जुळवून समोरासमोर चारच पिना मारा. बैठक सुलटी करून ओळ बघा. तिरकी असेल तर आत्ताच काढा, चार पिनांचाच प्रश्न आहे. मग मध्यापासून दोन्हीकडे सरकत जा आणि कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे थांबा. बारा मिलिमीटर प्लायला 8 मिलिमीटरची पीन पुरते. लांब पीन आरपार निघून फोममध्ये शिरते.

कोपऱ्यात आधी कापडाचं टोक कर्णाच्या दिशेनं प्लायच्या मध्याकडे ओढून एक पीन मारा. दोन बाजूंना दोन फुगे उरतील. प्रत्येक फुग्याची चुणी कोपऱ्याकडे तोंड करून आत दाबा, नखानं कड बसवा, पीन मारा. जादा कापड पीन मारल्यावरच कापायचं. मी एकदा आधी कापलं होतं. खण सुटत सुटत पुढच्या कडेपर्यंत आला आणि अख्खा तुकडा वाया गेला. ग्लू गनचं तर नावच काढू नका, गोंदाचे डाग वर उमटतात.

बैठक चौकटीत रुतणारी असेल तर बसवून बघा. दोन थरांची जाडी वाढल्यानं अडकते. तेव्हा ठोकाठोक न करता कापड सोडवून प्लायच्या कडा कानशीनं घासा. मग स्क्रू आवळा.

सहा खुर्च्यांना सव्वाचार मीटर लागतं, मी पाच घेते. पुढच्या वर्षी त्याच दुकानात तोच जांभळा मागितला तर मिळतो तो वेगळाच असतो, आणि एका खुर्चीवर तोवर आमटी सांडलेली असते.